औषध भरलेला बाक

बद्रीनाथरावांच्या दारातला बाक वाळवीने खाल्ला आणि त्यावर टेकणारी माणसं कचरूच्या हॉटेलात जाऊन बसू लागली. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. दिवसभर बोलायला कुणी उरलं नाही. म्हणून त्यांनी नव्या बाकासाठी पाईनच्या फळ्या घेतल्या आणि वाळवीचं औषध भरायला थेट जालन्याच्या कारखान्यात नेल्या.

तिथल्या मुझफ्फरने फळ्या लोखंडी टाकीत सरकवल्या, आतली हवा ओढून घेतली आणि प्रेशरने औषध पार लाकडाच्या आत दाबलं. फळ्या हिरवट होऊन बाहेर आल्या.

"चाचा, आता पंचवीस वर्षं वाळवी लागत न्हाई," तो म्हणाला. "पण बराबर सुकू द्या. तोवर बसू नका, शेळ्यांना चाटू देऊ नका."

"पंचवीस वर्षं मी तरी कुठं राह्यतो?"

आष्टीला परतल्यावर त्यांनी फळ्या अंगणात पसरल्या आणि शेजारच्या उषाबाईंना सांगितलं, "शेळी बांधून ठेवा. औषध भरलंय."

ही बातमी गिरणीपर्यंत जाता जाता औषधाचं जहर झालं. त्यातच उषाबाईंची शेळी लंगडली. मग लोक रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले. गॅसवाल्याने सिलिंडर कोपऱ्यावरच ठेवला.

महिन्याने फळ्या सुकल्या, बाक तयार झाला.

"बस की," बद्रीनाथराव कचरूला म्हणाले.

"हितूनच बराय."

तेव्हा बद्रीनाथराव स्वतःच पेपर घेऊन दिवसभर बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी कचरू सकाळीच हजर. "तब्येत बरी हाये ना?"

मागोमाग उषाबाई आल्या. "रात्री जेवल्ते का? झोप लागली?"

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आठवडाभरात रोज सकाळी पाच-सहा जण लांब उभे राहून चौकशी करू लागले. चौकशीवरून गोष्ट सोयाबीनवर जायची, कुणाच्या लग्नावर जायची. बद्रीनाथराव दाढी करून वाट बघत.

पंधराव्या दिवशी कचरूने निकाल दिला, "काही होत न्हाई यांना. उगी भेलो आपण."

सोळाव्या दिवशी कुणी आलं नाही. सतराव्याही नाही.

अठराव्या दिवशी उषाबाई शेळी घेऊन चालल्या होत्या. जाता जाता, सवयीने, त्यांनी विचारलं, "बरं हाये ना?"

बद्रीनाथरावांनी क्षणभर विचार केला.

"तसं बरंय," ते म्हणाले. "पण कालपासून हात जरा खाजून राह्यलाय."

उषाबाईंनी शेळी विजेच्या खांबाला बांधली आणि समोरच्या पायरीवर बसल्या.

"कुठं खाजतंय? पहिल्यापून सांगा."