सीटवरचा रुमाल

एसटीत जागा धरायला लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात. मीही टाकलेले आहेत. त्यातले दोन परत मिळालेले नाहीत. पण स्वतःच्याच गाडीत, स्वतःच्याच गॅरेजमध्ये, बाहेरून कुलूप लावलेलं असताना शेजारच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे विट्याचे घरमालक, आप्पा.

रुमाल पांढरा, निळ्या काठाचा, चौघडी घातलेला. गाडीला सीटा दोनच. उजवीवर आप्पा, डावीवर रुमाल. मग गाडी बाजारापर्यंत जावो नाहीतर सांगलीपर्यंत, ह्या बैठकीत कधी बदल व्हायचा नाही.

नव्वदीच्या दशकात माझी वाईहून विट्याच्या शाळेत बदली झाली आणि मी आप्पांच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो. विट्याकडची माणसं सोनं गाळायला मुलूखभर पांगलेली. आप्पांनीही तीस वर्षं कोइमतूरला भट्टीसमोर बसून लोकांचे दागिने वितळवले होते. म्हातारपणी गावी परतताना बाकीचे गलाईवाले बंगल्याचा नकाशा घेऊन येतात. आप्पा गाडी घेऊन आले.

ती आली त्या दिवशी मी विट्यात नव्हतो, पण गल्लीतल्या प्रत्येकानं मला ती हकिकत स्वतंत्रपणे सांगितलेली आहे. ट्रकवरची ताडपत्री निघाली आणि आतून लालभडक, लांबुडकी, वर टप नसलेली वस्तू बाहेर आली. ती बघून समोरचे किराणावाले ओरडले, "आयला, हितं प्यायला टँकर येतोय, आन् आप्पा होडी घिऊन आला!"

होडी नव्हती ती. परदेशात कधीकाळी शर्यतीसाठी निघालेल्या एका गाडीची ती नक्कल होती. आप्पांच्या दुकानामागं फायबरच्या बॉड्या बनवणारा एक कारागीर होता. त्याच्याकडं आप्पांनी त्या गाडीचं चित्र पाहिलं आणि दोन वर्षं त्याच्यामागं लागून ती बनवून घेतली. इंजिन एका म्हाताऱ्या टॅक्सीचं, गिअरबॉक्स जीपचा, पुढचा एक दिवा ट्रॅक्टरचा आणि पेट्रोलच्या टाकीला झाकण दुधाच्या किटलीचं.

हे सगळं मी शोधून काढलेलं नाही. आप्पाच सांगत. विचारलं तरी सांगत, न विचारलं तरी सांगत. जन्मभर खरं-खोटं पारखलेला माणूस. आपल्या दारात खोटी वस्तू आहे ही गोष्ट लपवणं त्यांना जमायचं नाही. सांगलीला एका डॉक्टरांनी गाडी थांबवून "वा, ओरिजनल आहे का हो?" असं आदरानं विचारलं, तर आप्पा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "न्हाई. नक्कल हाय. टंच काढून घ्या."

टंच म्हणजे सोन्याचा कस. हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसातून वीसदा निघायचा. चहाचा टंच, पावसाचा टंच, उमेदवारांचा टंच. मी आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझाही काढला. "मास्तर, तुमी ब्यान्नव टंचाचं. आठ टक्के भीती मिसळलीया तुमच्यात." हा हिशेब फार चुकला होता असं नाही.

गाडीचं दुखणं-खुपणं ते स्वतः बघत. सकाळी पितळी जाळी चिंचेनं घासायची, मग रिठ्याच्या पाण्यानं धुवायची. सोन्याला करतात तसं. आठवड्यातून एकदा सायकलवाल्याला बोलावून चाकांच्या तारा ओढून घ्यायच्या. उन्हानं फायबरला चिरा पडत, त्या बुजवायच्या. आणि गॅरेज झाडल्यावर केर टाकायचा नाही! पाण्यात कालवायचा, गाळायचा, तळाशी काय राहतं ते बघायचं. सराफाच्या दुकानातला केर धुऊन सोनं काढतात, ती सवय. "केरात काय सापडंल सांगता येत न्हाई मास्तर," ते म्हणत, आणि खरंच त्यातून एक वायसर, दोन नट आणि माझ्या पेनचं टोपण निघालं होतं. इंजिन रुसलं की त्याला तमिळमध्ये शिव्या आणि सुरू झालं की मराठीत शाबासकी.

गाडी लग्नाच्या वरातीला मागायला लोक येत. आप्पा आनंदानं देत, चालवायला स्वतः जात, पण अट एकच. नवरा-नवरीनं मागं डिकीवर बसायचं. अशा एका वरातीत नवऱ्याचा चुलता, फौजेतून रिटायर झालेला सुभेदार, तावातावानं पुढं आला.

"अरे सीट खाली है! पोरीला पुढं बसवा की!"

"खाली न्हाई," आप्पा म्हणाले. "जागा धरलीया."

"कुणासाठी?"

"येनार हाय."

सुभेदारानं इकडंतिकडं बघितलं. कुणी येईना. वरात मारुतीपर्यंत गेली, परत आली, तरी कुणी आलं नाही. नवरी बिचारी डिकीवर मुंडावळ्या सांभाळत बसली होती. गल्लीनं ह्यावर बरेच तर्क केले. कुणी म्हणे नवस असेल. किराणावाले डोळा मारून म्हणत, "कोइमतूरला कुनीतरी असनार गड्या." मला मात्र वाटे, म्हातारा नुसता चिक्कू आहे, सीटचं रेक्झिन झिजेल म्हणून जपतो.

मग माझ्यावर वेळ आली. बोर्डाचे तपासलेले पेपर सांगलीला पोचवायचे होते आणि बस चुकली. आप्पा म्हणाले, "चला, सोडतो." मी पेपरांचा गठ्ठा घेऊन डाव्या बाजूला गेलो. आप्पांनी शांतपणे मागं बोट दाखवलं. डिकीवर पोतं अंथरलेलं होतं.

विटा ते सांगली मी त्या पोत्यावर बसून गेलो. एका हातानं पेपर, दुसऱ्या हातानं आप्पांच्या सीटची पाठ. तासगावात माझ्याच शाळेची दोन मुलं स्टँडवर उभी होती. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. मला हात सोडून उलट नमस्कार करता आला नाही, आणि माझी शिस्त त्या दिवसापासून खलास झाली.

सांगलीत पेपर दिले, आप्पांनी भडंगाची पुडी घेतली आणि तीही सीटवर न ठेवता माझ्या हातात दिली. तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

"आप्पा, कोण येणार आहे हो ह्या सीटवर?"

आप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी अगदीच मंद विद्यार्थी.

"कोन म्हंजी? आमची मंडळी. दुसरं कोन?"

मंडळी म्हणजे काकी. बारीक चणीच्या, डोईवर पदर, दिवसभर कामात. लेकीचं, सुमनचं, लग्न होऊन ती वडूजला नांदायला गेली त्याला दहा वर्षं झाली होती, तरी आप्पा बायकोला हाक मारायची तर "सुमन!" म्हणूनच मारत आणि काकीच ओ देत. ती तीस वर्षं काकी विट्यातच, सासऱ्यांपाशी. कोइमतूरहून पत्रं आली तीही सासऱ्यांच्या नावानं, शेवटी "घरात सर्वांना सांगणे" एवढंच. त्या सर्वांत काकी आल्या.

"मग बसत का नाहीत त्या?"

"न्हाई आवडत तिला," आप्पा म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "उघडी गाडी. लोक बघत्यात."

"असं म्हणाल्या?"

"म्हनायला कशाला पायजे? बसली न्हाई म्हंजी आवडत न्हाई."

एवढं बोलून त्यांनी गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर मी पोत्यावर बसून त्या रुमालाकडं बघत होतो, आणि खरं सांगतो, म्हाताऱ्याला चिक्कू म्हटल्याची मला लाज वाटली.

गाडीच्या चौथ्या वर्षी आप्पांचा डावा गुडघा दुखायला लागला. क्लच दाबला की चेहरा वाकडा व्हायचा. त्याच सुमारास कऱ्हाड रस्त्यावर नवीन हॉटेल काढणारा एक तरुण आला. त्याला गाडी गच्चीवर चढवून भोवती लायटिंग करायचं होतं, म्हणजे रस्त्यावरून लांबून दिसेल. आप्पा हाकलून देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "रविवारी न्या. बसनारं मानूसच बसंना, तर ठिऊन करायचं काय?"

शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आलो. काकी दगडी पाटावर धुणं धूत होत्या. हातात तोच रुमाल, निळ्या काठाचा.

"सुटले ह्यातनं," काकी म्हणाल्या. "चार वर्सं झाली, दर शनिवारी ह्यो रुमाल धुती मी. उद्या गाडी गेली की काम संपलं." मग रुमाल पिळून झटकला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पर मास्तर, एक सांगा. तुमास्नी ठावं असंल. ही जागा कुनासाठी धरल्याली हुती?"

मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसलो.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"म्या कशाला इचारू? त्येंची गाडी, त्येंचं कोन असंल ते. मला बस म्हनलं न्हाईत, म्हंजी माजी न्हाई एवढं कळतंय की."

मी उठून तडक गॅरेजमध्ये गेलो. आप्पा शेवटचं म्हणून जाळी घासत होते. ब्याण्णव टंचाचा मी, पण त्या दिवशी आठ टक्के कुठं गेले कोण जाणे. मी म्हणालो, "आप्पा, काकींना तुम्ही 'बस' असं कधी म्हणालात का?"

आप्पांचा हात थांबला. चिंचेचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"म्हनायला लागतंय व्हय?"

"लागतंय."

आप्पांनी चिंच खाली ठेवली. मग हात धोतराला पुसले आणि परसदारी गेले. तीस वर्षं सोनं वितळवणारा माणूस धुण्याच्या पाटासमोर उभा राहिला आणि घाम पुसायला लागला.

"सुमन..." ते म्हणाले.

"काय वं? च्या टाकू?"

"च्या नगं." मग एका दमात, "गाडीत बसतीस का?"

काकींच्या हातातली बादली कलंडली. आमच्या गल्लीत टँकरचं पाणी असं वाया गेलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

"मी?" काकी म्हणाल्या. "आन् त्यो रुमाल?"

"त्यो तुजाच हाय. पयल्या दिसापासनं."

काकींनी लुगडं बदललं, हिरवं इरकली नेसल्या, कुंकू लावलं आणि गाडीपाशी आल्यावर पुन्हा अडल्या. "मास्तर, तुमी बी चला. दोघंच गेलो तर लोक काय म्हनतील." लग्नाला चाळीस वर्षं झालेली. मी मुकाट्यानं पोतं अंथरलं. काकींनी ओला रुमाल सीटवर ठेवू की हातात धरू असं केलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "दे त्यो मास्तरला. आता काय कराचाय त्येचा?" मी तो खिशात घातला.

काकी बसल्या. पदर दातांत धरला, दोन्ही हात मांडीवर. किराणावाले वजन करता करता थांबले. आप्पांनी गाडी बाहेर काढली आणि ऐटीत विचारलं, "कुठं घिऊ? रेवणसिद्धाला जायाचं? का थेट सांगली?"

"ष्टँडवर चला."

"ष्टँडवर काय हाय?"

"चला तर."

स्टँडच्या फाटकाबाहेर लिंबाचं झाड आहे. काकी म्हणाल्या, "हितं. बास." आप्पांनी गाडी उभी केली. समोर बसगाड्या फाटकातून निघत होत्या आणि पुढच्या वळणाला दिसेनाशा होत होत्या.

"तुमी वर्सातनं दोनदा यायचा," काकी बोलायला लागल्या. आप्पांकडं न बघता, रस्त्याकडं बघून. "जाताना तुमास्नी घालवाय आमी हितंवर यायचो. मामंजी म्होरं, मी मागं. मामंजींच्या म्होरं तुमच्यासंगं बोलता यायचं न्हाई. गाडी त्या वळनाला गेली की मी माघारी. चालत. तवा लय वाटायचं, एकदा तरी ह्या मानसाच्या शेजारी बसून त्या वळनाच्या पल्याड जावं."

आप्पांनी इंजिन बंद केलं. खिशातला तो ओला रुमाल माझ्याच उपयोगी पडला.

"आन् त्या हाटेलवाल्याला सांगा, गाडी मिळनार न्हाई म्हनून," काकी म्हणाल्या. "मी आज कुठं बसलीया."

"सांगतो," आप्पा म्हणाले आणि किल्ली फिरवली.

मी डिकीवरून खाली उतरलो, पोतं काखेत मारलं. भाजी घ्यायची आहे, म्हणालो. दोघांपैकी कुणीही मला "कसली भाजी" म्हणून विचारलं नाही. लाल गाडी रस्त्याला लागली आणि वळणाच्या पलीकडं गेली.

घर स्टँडपासून मैलभर. वाटेत खरंच मेथीची जुडी घेतली आणि चालत घरी आलो. गॅरेज रिकामं होतं. दिवेलागण झाली तरी रिकामंच. किराणावाले दोनदा येऊन विचारून गेले. मी हजेरी घेणारा माणूस, कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तरी माझं डोकं फिरतं. त्या संध्याकाळी मी जिन्यावर मेथी निवडत बसलो होतो, गाडी काही येत नव्हती, आणि मला फार फार बरं वाटत होतं.