आप्पांच्या पोटातला पाव्हना

भास्कर आप्पा जेवताजेवता मधेच हात वर करत. डोळे मिटत आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "उना रे, पाव्हना उना!"

पाव्हना आला म्हणजे त्यांची पोटदुखी उठली. बायको, शालूकाकू, गेल्यापासून आप्पा पुरुषोत्तमनगरला आमच्या शेजारी एकटेच राहतात आणि हा पाव्हनाही तेव्हापासूनचाच. ओवा झाला, हिंग झाला, ताक झालं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. तो शब्द आप्पांना शिवीसारखा लागे. "मन्हा जीव जाई ऱ्हायना, आन कागद म्हनस नॉर्मल!"

दुर्बिणीने आतून बघू, असं डॉक्टर म्हणाले की आप्पा चवताळत. "नळी? मन्हा गळामा? पाव्हनाले काढाले घर फोडतस का?"

यंदा मात्र सदरा त्यांच्या अंगावर लोंबायला लागला. एका सकाळी कुंपणाशी येऊन ते हळूच म्हणाले, "शौचले काळी व्हई ऱ्हायनी." त्या दिवशी पाव्हन्याचं नावही काढलं नाही. काळी शौच म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय, एवढं मला माहीत होतं. मी घाबरलो. दुसऱ्याच दिवशी त्यांना उपाशीपोटी नंदुरबारला दुर्बिणीसाठी नेलं.

घशात फवारा मारला. जीभ बधिर झाली आणि आप्पा एकदाचे गप्प झाले. माझं मनगट काही सोडेनात, म्हणून डॉक्टरांनी मलाही आत थांबू दिलं. काळी नळी घशाखाली सरकली. आप्पांना उबळ आली, डोळ्यांतून धारा लागल्या.

"नाकाने श्वास घ्या, आप्पा."

पडद्यावर गुलाबी भिंती सरकत होत्या. एका जागी डॉक्टरांचा हात थांबला.

"ही बघा जखम."

मधे पांढरट, कडेने लाल. नळीतूनच चिमटा घालून त्यांनी बारीक तुकडे काढले. "तपासायला पाठवतो. तोवर मी काही बोलणार नाही."

रिपोर्ट येईपर्यंत आप्पांच्या घरातून आवाज नव्हता. मीच भिंतीला कान लावून बसायचो.

शेवटी आम्ही पुन्हा नंदुरबारला गेलो. रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. जंतूंमुळे झालेला अल्सर आहे. गोळ्या मधेच सोडू नका, बरा होईल."

माझा जीव भांड्यात पडला. आप्पा मात्र हसले नाहीत.

बाहेर बाकावर धडगावकडची एक म्हातारी बसली होती. मुलगा औषधं आणायला गेलेला. नर्सने दुर्बिणीसाठी हाक मारली, तशी तिने बाकाची कड घट्ट धरली. तिच्या पावरी बोलीत काहीतरी पुटपुटली. आप्पा तिच्याजवळ जाऊन बसले.

"माय, मी संगे येस. मन्हा हात धर."

तिला अहिराणी कळली का, कोण जाणे. पण तिने हात धरला. नर्सने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी होकाराची मान डोलावली.

दाराशी आप्पा थबकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मन्ही शालूले असंच आनेल व्हतं. ती एकटीच मझार, नळीवाली खोलीमा गई. मी भ्यायनू, तिले सोडीसन चहा पेवाले पयी गऊ."

आणि म्हातारीला सांभाळत ते आत गेले.