लिंबूपाण्यावर वाढलेले तीन किलो

मला कुठलाही काटा फसवू शकत नाही. वजनमापे खात्यात बावीस वर्षं निरीक्षक आहे मी. पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं मी उपटून काढली आहेत आणि तोलताना हळूच टेकणारी दुकानदाराची करंगळी मला रस्त्याच्या पलीकडून दिसते. त्यामुळे निसर्गोपचार केंद्रात सात दिवस उपास करायचं ठरलं तेव्हा मी बायकोला ठणकावून सांगितलं, "तुझे चार किलो उतरतील, माझे सहा. लिहून ठेव!"

खरं तर जायचं होतं तिला. गुडघ्यांनी दोन वर्षं तिचा जीव नकोसा केला होता आणि वजन उतरल्याशिवाय त्यांना आराम नाही, असं सगळेच सांगत होते. पण केंद्राचे म्हातारे डॉक्टर, ज्यांना सगळे काका म्हणत, जोडप्याला एकत्रच घेत. एकाने उपास मोडला की दोघांनी घरी जायचं, हा त्यांचा नियम. म्हणून मी रजा काढली.

पहिल्या दिवशी बायको आत फॉर्म भरत होती तेवढ्यात माझं वजन झालं. चौऱ्याण्णव किलो. मग पोटावर मातीची पट्टी, वाफ, एनिमा (त्याबद्दल मी बोलणार नाही) आणि दिवसातून पाच वेळा लिंबू-मधाचं पाणी. बाकी काही नाही.

रोज सकाळी वजनाची रांग लागे. लिंबूपाणी मिळेपर्यंत सगळ्यांना मौन. व्हरांड्यात भिंतीशी एक जुना दांडीचा काटा होता. वजनाच्या ताई चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन दांडीत डोकं खुपसून बसायच्या, आकडा कार्डावर लिहायच्या आणि हातानेच पुढे सरकायला सांगायच्या. रांगेत पुढे मी, मागे बायको.

दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव. तिसऱ्या दिवशी पंच्याण्णव. चौथ्या दिवशी सत्त्याण्णव! बायकोचा आकडा मात्र रोज शहाण्यासारखा खाली.

काकांनी आम्हाला खोलीत बोलावलं. "काय खाताय?"

"काही नाही."

"मग हे तीन किलो हवेतून आले?"

"काटा बिघडलाय तुमचा," मी म्हणालो. माझ्या गाडीच्या डिकीत पाच-पाच किलोची चार प्रमाणित वजनं कायम असतात. चार दिवसांच्या उपाशी पोटी ती व्हरांड्यापर्यंत आणताना मी तीनदा खाली बसलो. सगळे उपाशी लोक बघायला जमले. मी वजनं काट्यावर मांडली. बरोब्बर वीस. एक एक काढून पाहिलं. पंधरा, दहा, पाच. असा सच्चा काटा मी नोकरीत क्वचित पाहिला होता.

"म्हणजे काटा बरोबर आहे?" काकांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

"मग उद्या शेवटची संधी. आकडा उतरला नाही तर दोघांनी सामान बांधा."

खोलीत आल्याबरोबर बायकोने माझी बॅग उलटी केली. दोन पकडी आणि एक पाना निघाला.

"मागे डाएट करत होतात तेव्हा बिस्किटं गिझरमागे सापडली होती," ती म्हणाली.

"अगं, इथे गिझरच नाहीये."

"तेच म्हणते, कुठे ठेवलीत?" तिचे डोळे भरून आले. "आज कितीतरी दिवसांनी जिन्यावर गुडघा दुखला नाही माझा. आणि तुमच्यापायी घरी जायचं."

मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मला काहीच कळेना. काटा बरोबर, मी उपाशी आणि आकडा वर. माझा माझ्यावरचाच विश्वास उडायला लागला. शेजारच्या खोलीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांना मी विचारलं, "मी झोपेत उठून काही खातो का हो?"

"तुम्ही झोपेत फक्त घोरता," ते म्हणाले. "भिंत पातळ आहे."

पाचव्या दिवशी बायको रागाने रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. मी डोळे मिटून काट्यावर चढलो. ताईंनी सरकतं वजन मागे घेतलं. आणखी मागे. मग मौन विसरून ओरडल्या, "एक्क्याण्णव!"

काका धावत आले. त्यांनी आधी माझी नाडी बघितली, मग जीभ. "एका दिवसात सहा किलो? असा माणूस उभा राहू शकत नाही," असं पुटपुटत ते माझ्याभोवती फिरले. मी उभा होतो आणि मलाही ते पटत नव्हतं.

तेवढ्यात रांग सोडून बायको लगबगीने आली. "खरंच नव्हतं ना हो काही खाल्लं?" असं म्हणत तिने माझ्या खांद्यावर हात टेकला.

दांडी खटकन वर गेली. ताईंनी सवयीने वजन सरकवलं. "सत्त्याण्णव."

काकांनी हाताकडे पाहिलं. मीही हाताकडे पाहिलं. उभं राहिलं की गुडघे दुखतात म्हणून ती नेहमीच माझ्या खांद्याचा आधार घेते. उपासाने अशक्तपणा वाढत गेला तसा तो हात रोज जास्त जड होत गेला होता.

"बावीस वर्षं लोकांच्या करंगळ्या पकडता," काका म्हणाले, "आणि हा अख्खा हात तुम्हाला कळला नाही?"

"लग्नाला सव्वीस झाली," मी म्हणालो. "तो हात मी माझ्याच वजनात धरत होतो."

बायको तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खुर्चीवर बसवावं लागलं. आमचं सामान बांधायचं राहिलं आणि काकांनी रांगेत तिला पुढे उभं केलं, मला मागे.

सातव्या दिवशी माझ्याही डोळ्यांपुढे जरा अंधारी येत होती. ताईंनी बायकोचं कार्ड दोनदा पाहिलं. "काल बहात्तर होतं. आज चौऱ्याहत्तर कसं?"

बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "हात काढा."