फुकट द्यायची सायकल

सादिक मुकादमांनी त्या दिवशी एवढंच ठरवलं होतं, की व्यायामाची सायकल घरातून घालवायची. तिच्यावर व्यायाम कुणी केला नव्हता. टॉवेल मात्र छान वाळत. पुण्याच्या लेकीनं, हादियानं, ‘अब्बा, एकटे बसून कंटाळू नका’ असं लिहून उपयोगी वेबसाइटींची रांगच धाडली होती. एकीवर जगातल्या कुठल्याही गावचा रेडिओ ऐकता येई (सादिकभाई तासभर आइसलँड ऐकत बसले, कळलं काहीच नाही, थंडी मात्र वाजली). दुसरीवर नको असलेल्या वस्तू शेजारपाजारी फुकट देता येत.

त्यांनी सायकलचा फोटो काढला. साइट इतकी हुशार, की फोटो बघून वर्णन तिनंच लिहिलं. सादिकभाईंनी चष्मा न शोधता ‘ओके’ दाबलं.

चहा उकळायच्या आत बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या मालतीबाई. मूळच्या खाडीकाठच्या सारसोळे गावच्या, आवाज अजून खाडीपार जाणारा. काखेत साडीची पिशवी.

“सादिकभाई, मशीन द्या. लिफ्ट थांबवून ठेवलीय.”

“मशीन? मी तर सायकल...”

“सुनेनं वाचून दाखवलं ना! शिलाई मशीन, चालू हाय, फुकट. हा बघा फोटो.”

फोटोत सायकल टॉवेलांखाली गडप झाली होती. मागं त्यांच्या बायकोचं, साबिराचं, शिलाई मशीन तेवढं लखलखत होतं. साबिरा गेल्यापासून ते पुसायचं सादिकभाईंनी एकदाही चुकवलं नव्हतं.

“हे देता येणार नाही. वापरात आहे.”

“कोन शिवतं?”

“मी.” (हा शब्द तोंडातून कसा निघाला, ते त्यांनाही कळलं नाही.)

“मग ही साडी घ्या, फॉल लावा. संध्याकाळी भाचीची हळद हाय. नाय जमलं तर मशीन मी नेनार. सोसायटीच्या ग्रुपवर पन आलंय, आता शब्द फिरवायचा नाय!”

शिवण शिकवणारी साइटही हादियाच्या रांगेत होती. तिनं आधी ईमेल मागितला, मग पासवर्ड, मग म्हणाली, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. चित्रांतले सिग्नल निवडून निवडून सादिकभाई वैतागले. “अगं बाई, यंत्र असतो तर फॉल लावून मोकळा झालो नसतो का!” शेवटी साइट उघडली, तर तिथं पडदे शिवत होते.

सुईत दोरा मात्र पहिल्या झटक्यात गेला. साबिराची नजर अधू झाल्यापासून ते काम त्यांचंच होतं. पुढचं सगळं तिचं.

संध्याकाळी मालतीबाईंनी साडी उलगडली. “टीप सरळ हाय. पन फॉल कुठं लावलात?”

“काठाला.”

“वरच्या काठाला! कमरेत खोचायचं टोक ते!”

सादिकभाईंचा हात आपोआप मशीनवर गेला. मालतीबाईंनी तो हात बघितला.

“ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “भाभीनं माझे ब्लाउज शिवले यावर. सरका, मीच लावते.” आणि फॉल उसवून, नीट लावून त्या निघाल्यासुद्धा.

“निदान सायकल तरी न्या!”

“आमच्याकडंबी हाय. टॉवेल लई चांगले वाळतात.”

चष्मा शोधून सादिकभाई जाहिरात काढायला बसले. खाली नमितानं, मालतीबाईंच्या सुनेनं, अभिप्राय लिहून ठेवला होता: ‘मशीन उत्तम. चालवणारा फुकटही नको.’