उलटा बसलेला बाबा

एखाद्या माणसावर लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, चुकलं तर सांभाळून घ्या. पण भानुदासकाकांवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितो.

काका रिक्षात नेहमी उलटे बसतात. ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून बसायची फळी मोकळी नसेल, तर दुसऱ्या रिक्षाची वाट बघतात. जुळे सोलापुरात आमच्या समोरच त्यांचं घर. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. "पुढं बघायला ड्रायव्हर हाय की," म्हणतात. "मागं कोण ऱ्हायलं ते कुणी बघायचं?" देवळाच्या रांगेतही "चला, पुढं सरका, मधी जागा हाय" असं त्यांच्या तोंडून निघून जातं. बोलणं संपलं की "टिंग टिंग" म्हणतात. म्हणजे डबल बेल, आपण निघायचं.

"जलमभर उलटं उभारून डोस्कं बी उलटं झालंय," असं काकू म्हणतात.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे पार्सलनं एक मूर्ती आली. लांब दाढीचा म्हातारा, हातात बांबूची नळी, गाढवावर बसलेला, पण तोंड शेपटीकडे. पाठवणारा सचिन, काकांचा मुलगा. सोबत चिठ्ठी नव्हती.

गल्लीत हसं झालं. आपल्याकडे गाढवावर उलटं कुणाला बसवतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. काकांनी मूर्ती टीव्हीशेजारी ठेवली, म्हाताऱ्याचं तोंड दाराकडे करून. कुणी विचारलं की सांगायचे, "कंडक्टर हाय. टिंग टिंग."

खरं काय ते काकूंनी मला सांगितलं. अकरावीत असताना सचिन मित्रांबरोबर वैरागच्या गाडीत बसला, विनातिकीट. कंडक्टर बापच होता ना. काकांनी बेल मारून गाडी थांबवली आणि त्याला भर उन्हात फाट्यावर उतरवलं. घरी आल्यावर पोरगं एवढंच म्हणालं, "बाबा, चारचौघांत माझी धिंड काढली तुम्ही." पुढे नोकरीला बंगळूरला गेला. फोन करतो तो काकूंनाच.

"त्यानं त्या दिवसाची परतफेड केली, असं धरून बसलेत हे," काकू म्हणाल्या.

मी कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं. तो म्हातारा चीनमधल्या ताओ पंथाचा सिद्धपुरुष निघाला. त्याचं गाढव म्हणे कागदासारखं घडी घालून ठेवता यायचं. घरच्यांना दीर्घायुष्य लाभावं म्हणून तिकडे त्याची मूर्ती ठेवतात. आणि उलटं बसण्याचाही अर्थ आहे: आपण ज्याला पुढं जाणं म्हणतो, ते कधीकधी मागं जाणं असतं. धीर करून हे सगळं मी काकांना सांगितलं.

"साधू हाय व्हय?"

"हो काका. अपमानाचं काही नाही त्यात."

"तुजं पुस्तक खरं असंल. पण पुस्तकानं कुटं पाठवलाय? पोरानं काय म्हणून पाठवला, ते सांग की."

"तुम्हीच विचारा," एवढंच म्हणालो.

"मीच उतरवलाय त्याला. कुठल्या तोंडानं विचारू?"

मी टिंग टिंगची वाट बघत बसलो. काकांनी फोन माझ्या हातात दिला. "लिही. मूर्ती मिळाली." मग चष्मा काढून पुसला. "आणि लिही, त्या दिवशी फाटा दिसायचा बंद हुईस्तवर मी मागच्या काचंपाशी उभारलो हुतो."

आठवडा गेला, सचिनचं उत्तर नाही. संध्याकाळी काका दारात दिसले की मी नजर चुकवायचो. नको तो शहाणपणा केला असं वाटायला लागलं.

काल ते आमच्या दारात आले आणि फोन पुढे केला. "चष्मा घरी ऱ्हायलाय. वाच जरा." चष्मा त्यांच्या खिशातच दिसत होता. मी वाचलं:

"बाबा, तेव्हा फार राग होता. पण काचेत तुम्ही दिसला होता मला. दुकानात हा म्हातारा बघितला आणि तेच आठवलं. ड्रायव्हरकडं पाठ, माझ्याकडं तोंड."