पैकीच्या पैकी शून्य

मनाचा आजार कोणालाही होऊ शकतो, हे सत्य आमच्या मंडळाने कधीच नाकारलेलं नाही. तो आमच्यापैकी अजून कोणाला झालेला नाही, एवढीच नम्र नोंद मंडळाने वेळोवेळी केली आहे. सिंगापुरातल्या मराठी माणसाला तीन आजार मान्य आहेत: बीपी, बी-ट्वेल्व्ह आणि गुडघा. बाकी सगळं ‘दमणूक’ या सदरात मोडतं.

तर, सुबोध दमला होता. तो एका बँकेत जोखीम मोजायचं काम करतो (इतरांची). गेले काही महिने ऑफिसातून चोआ चू कांगला परतला, की तो आपल्या इमारतीखालच्या बाकावर बसून राही. लिफ्ट येई, दार उघडे, मिटे. हा उठत नसे. वर जाऊन चार घास खायचे आणि घरच्यांशी दोन शब्द बोलायचे, एवढंही त्याच्याने होईना. त्याची बायको विनीता हिने यावर रीतसर उपाय केले: अश्वगंधा, प्राणायाम आणि “तुला कमी काय आहे?” हा प्रश्न. त्यातला शेवटचा दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

शेवटी मुलगी राधिका खाली जाऊन त्याच्याशेजारी बसली. “बाबा, यू नॉट ओके लाह,” ती म्हणाली, आणि शाळेतल्या समुपदेशक बाईंना विचारून तिने यिशुनच्या एका दवाखान्यात त्याच्यासाठी वेळ मागून घेतली. या वयात मुलांना समाजात कसं राहावं याची समज नसते.

तिथे डॉक्टर नव्हे, तर मनोविकारांची नर्स प्रॅक्टिशनर तपासते, हे कळल्यावर विनीताचा जीव भांड्यात पडला. ही नर्स निदान करते, डॉक्टरांशी बोलून औषधंही ठरवते, आणि (इथेच खरा धोका आहे) ऐकून घेते. पण शेवटी नर्सच. “डॉक्टर नाही ना? मग वेडबिड काही नाही,” विनीता म्हणाली. “कोणी विचारलं तर बीपी सांगायचं.” तर्क बिनतोड होता. शिवाय घराजवळच्या जुरोंग ईस्टला ओळखीचं कोणीतरी भेटतंच. एवढ्या लांब यिशुनला कोण मरायला येतंय?

यिशुनला पद्माकर आले होते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष.

“गुडघा,” ते आपणहून म्हणाले.

“बीपी,” विनीता म्हणाली.

मग तिघांनी गुडघ्यावर अत्यंत जिव्हाळ्याने चर्चा केली. समोरच्या भिंतीवर ‘मन मोकळं करा’ अशा अर्थाचं पोस्टर चार भाषांत लावलेलं होतं. त्यात मराठी नसल्यामुळे ते आपल्याला लागू नव्हतं.

विनीता पाणी आणायला उठली (कान मागे ठेवून), तसे पद्माकर सुबोधकडे झुकले. “झोप, भूक, उत्साह, असलंच विचारतात. सगळ्याला ‘अजिबात त्रास नाही’ म्हणायचं. इथे गुण जितके कमी तितके चांगले. मला तीनदा शून्य मिळालंय.”

तीनदा शून्य मिळवलेला माणूस चौथ्यांदा कशाला आला होता, हे विचारणं सभ्यपणाचं झालं नसतं.

सुबोध दहावीला बोर्डात आलेला. समोर प्रश्न आला की बरोबर उत्तर द्यायचं (खरं नव्हे, बरोबर), हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. आत, विनीता शेजारीच बसलेली असताना, नूरुल नावाची ती नर्स एकेक विचारत गेली. झोप? उत्तम. भूक? उत्तम. कशात रस वाटेनासा झालाय? छे छे! शून्याचा शोध आपल्याच पूर्वजांनी लावलेला असल्यामुळे ते मिळवायला त्याला जड गेलं नाही.

मग नूरुलने पेन खाली ठेवलं आणि अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारला. “मग आज इथे का आलात?”

सुबोधने तोंड उघडलं. नूरुलला घाई नव्हती. ती नुसती थांबली होती, आणि त्याच्यासाठी असं कोणी थांबल्याला फार दिवस झाले होते.

“लिफ्ट...” तो म्हणाला.

“ही वर्क्स सो हार्ड, यू नो,” विनीता हसत म्हणाली. “जस्ट चेकअप.”

सुबोधने विनीताकडे पाहिलं. मग नूरुलकडे. “येस. जस्ट चेकअप.”

नूरुलने त्याला पुढची तारीख दिली आणि तेव्हा एकटं यायला सांगितलं. विनीताने ती तारीख रद्द करून टाकली. पास झालेला माणूस पुन्हा परीक्षेला बसत नाही.

हे सगळं मला विनीतानेच सांगितलं, कोणाला न सांगण्याच्या अटीवर. त्यामुळे ते मंडळात सगळ्यांना माहीत आहे. गणपतीत सगळ्यांनी सुबोधच्या पाठीवर थाप मारून “काय, कसं काय?” असं आपुलकीने विचारलं. तो “मजेत” म्हणेपर्यंत विचारणारे मोदकांच्या रांगेत पोचलेसुद्धा होते.

काल संध्याकाळी तो पुन्हा त्या बाकावर होता. राधिका शेजारी बसली होती. तिने त्याला काही विचारलं नाही, कारण उत्तर तिला पाठ झालंय. लिफ्ट आली आणि गेली.

तुम्हाला सुबोधची कीव आली असेल. विनीताचा रागही आला असेल. ‘असा एकजण आमच्या ओळखीत आहे, त्याला हे वाचायला दिलं पाहिजे,’ असंही मनात आलं असेल. बरोबरच आहे, असली माणसं नेहमी ओळखीतच असतात.

बाकी, तुम्ही कसे आहात?

वा! पैकीच्या पैकी शून्य.