नानांना हवा होता डावा हात

गिटारीच्या तारांना मी एकदा करडीचं तेल लावलं होतं. नातीला हे सांगितलं की ती पोट धरून हसते. हसू दे. पण आमच्या घरात कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तेलच लागायचं. गाडीचा आस असो, विहिरीवरचा रहाट असो, नाहीतर दाराची बिजागरी. तारा दाबून दाबून बोटांची सालटं निघायला लागली, तेव्हा मी मायची तेलाची शिशी उचलली आणि सहाच्या सहा तारा अशा चोळल्या, जसं जावयाला न्हाऊ घालावं. लग्नाला आलेली घोडी होते मी, आणि वर स्वतःला लई शहाणी समजत होते.

लिंबाजीनानांनी गिटार उचलली, तर ती हातातून सटकली. त्यांनी नाक लावून वास घेतला.

"करडी?"

"व्हय."

"मंग मोहरी बी टाकायची. फोडनी तरी झाली असती."

मायनं मला धुतलं. नानांनी चुलीतल्या राखेनं तारा पुसल्या. साल दुष्काळाचं होतं, त्यामुळे दोन्ही कामं पाण्याशिवाय झाली.

लिंबाजीनाना म्हणजे माझे चुलते, शिरूर कासारकडच्या आमच्या गावातल्या दूध संस्थेचे सचिव. सचिव म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खुर्ची येईल. नाना उलट्या घातलेल्या दुधाच्या कॅनवर बसायचे. अंगात बंडी, आणि डावा हात कायम बंडीच्या खिशात. दूध घालायला कुणीही आलं की आधी म्हणायचे, "हात दाव." माणूस उजवा पुढे करायचा. "त्यो न्हाई, डावा." मग त्याच्या बोटांची टोकं चिमटीत धरून दाबायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "फुडं चला."

नवख्या लोकांना वाटायचं, सचिवसाहेब हात बघतात. सोजरबाई आमच्या गावात नवीन राहायला आलेली. तिनं मोठ्या भक्तीनं डावा हात पुढे केला आणि विचारलं, "नाना, लेकाचं लगीन कवा व्हईल?" नानांचं लक्ष तिच्या बोटांवर. ते म्हणाले, "लई मऊ हाय. न्हाई जमायचं." बाई रडत घरी गेली, दोन वेळा जेवली नाही. पुढे लेकाचं लग्न जमलं तेव्हा पेढे घेऊन आली ती नानांना खोटं पाडायला, आणि तेव्हाही नानांनी पेढा घ्यायच्या आधी तिचा हात दुसऱ्यांदा दाबून बघितला.

नानांना भविष्य बघायचं नव्हतं. त्यांना हात हवा होता. पोरवयात ते नगरकडे एका बँडवाल्याकडे कामाला होते. बँड मोडला तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं घरी नेलं. नानांच्या वाट्याला गिटार आली. गावात ती कुणी पाहिलेली नव्हती. बाया म्हणायच्या, "लिंबाजीचं सहा तारांचं तुनतुनं." पण एप्रिलात जयंतीला आमच्या बौद्धवाड्याची गायनपार्टी नानांच्या गिटारीसकट उभी राहिली, की वरच्या आळीची माणसंही पारावर येऊन बसायची.

मग एका सालात नाना ऊसतोडीला गेले आणि फडात कोयता डाव्या हातावर बसला. दोन बोटं राहिली, पण वाकेनात. उजवा हात तारा छेडायला धडधाकट, आणि पडदे दाबायला डावाच नाही. गिटार संस्थेच्या खोलीत खुंटीला टांगलेली असायची. संध्याकाळी नाना मोकळ्याच तारा छेडत बसायचे. तेच ते सहा सूर. ऐकून कुत्रीसुद्धा कंटाळली होती.

माझा हात त्यांनी पसंत केला तो दुधाच्या किटलीच्या कडीमुळे. कमरेवर घागर आणि डाव्या हातात किटली, असं मी रोज यायची, त्यानं बोटं घट्ट झाली होती. नानांनी दाबून बघितलं, परत दाबलं आणि म्हणाले, "उद्यापासनं अर्धा तास लवकर ये." मला वाटलं, संस्थेत नोकरी लागली. मी नवीन परकर घालून गेले.

नानांची शिकवण्याची रीत जगावेगळी. एक चाल, म्हणजे दोनतीन तारा एकदम, दाबून धरायची, आणि मापातलं दूध कॅनमध्ये ओतून होईपर्यंत बोट हलवायचं नाही. एकाचं दूध झालं की बोटं सोडायची, दुसरा आला की परत धरायची. त्या साली म्हशी आटल्या होत्या, कुणाच्या किटलीत तांब्याभर, कुणाच्यात वाटीभर दूध. दुष्काळानं माझी बोटं वाचवली. सुकाळ असता तर मी नानांसारखीच थोटी झाले असते.

नाना लोकांवर ओरडायचे, "हळू वता की बे! पोरीचा हात तयार व्हायलाय." मला जीव लावणाऱ्या बाया भसकन ओतून मोकळ्या व्हायच्या. सोजरबाई मात्र लग्नाचा राग धरून होती. ती तिचं पावशेर दूध असं धार धरून ओतायची, की जणू देवाला अभिषेक. मी दातओठ खात पडदा दाबून उभी, आणि ती गोड हसून विचारणार, "दुखतंय का गं, बाई?"

मी जोर लावून लावून मनगट सुजवलं. नाना म्हणाले, "अंगठ्यानं काय तिचा गळा दाबतीस का? टेकव नुस्ता. पडद्याच्या जवळ बोट ठेव, कमी जोर लागंल." आणि दुसरं सांगायचे, "दम दाबन्यात न्हाई, सोडन्यात हाय. बोट उचललं की मेल्यावानी सोड. तेवढ्यात त्ये झोप काढून येतंय." मी चिडून म्हणायची, कधी येणार मला? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "घाई दुधाला. हाताला न्हाई."

बोटांच्या टोकांना फोड आले, फुटले, परत आले. मग एक दिवस फोड यायचे थांबले आणि कातडं जाड झालं. मी ते गावभर दाखवत फिरले. पोरी हातावरची मेंदी दाखवतात, मी घट्टे दाखवायची. मायनं कपाळाला हात लावला, "हिला आता कोन करून घेईल?"

जयंती जवळ आली तेव्हा एक दिवस नानांनी मला खरं काय ते सांगितलं. संस्थेची खोली रिकामी होती. त्यांनी डावा हात पहिल्यांदा खिशातून काढून मांडीवर ठेवला.

"फडात म्हातारी माज्या मागं मोळ्या बांधत व्हती. तिनं हाक मारली. म्या मागं बगितलं, आन् कोयता बसला. तवापासनं ती म्हनती, माज्या हाकंनं लेकाचा हात गेला. बोलून दावत न्हाई, पर जयंतीला वाजायला लागलं की कानावर पदर घेती. आता डोळे गेलेत तिचे. मला तिला यकदा ऐकवायचंय. माजा हात बरा झालाय, असं."

म्हातारी म्हणजे माझी आजी, नानांची आई. ती घरीच दारात बसून असायची आणि जयंतीचं गाणं तिला कर्ण्यावरनं ऐकू जायचं. आवाज नानांचा आणि गिटार माझी. आजीला वाटेल, दोन्ही त्याचंच. नानांनी दूध घालणाऱ्या एकेकाला दम दिला, "म्हातारीला कुनी सांगितलं तर त्याचं दूध घेनार न्हाई." सोजरबाईनंसुद्धा शपथ घेतली.

त्या संध्याकाळी मी नानांच्या मागं सतरंजीवर बसले. गाणं नानांनीच बांधलेलं. किती कडवी म्हणायची ते ठरलेलं होतं आणि माझा हात तेवढ्यालाच तयार होता. ठरलेली कडवी झाली. माझा खांदा भरून आला, हाताचा कोपरापर्यंत दगड झाला. मी म्हटलं, सुटले. आणि नानांनी नवीन कडवं उचललं! किती सालांनी मागं गिटार वाजत होती, माणसाचं भान हरपलं होतं. ते झालं की आणखी एक. मी मागून म्हणतेय, "नाना, बास," आणि नाना वर हात करून गातायत.

बोट घसरलं असतं तर कर्ण्यावर सगळं कळलं असतं. तार एकदा बोबडी बोलली, तसे नाना गाता गाता एक क्षण थबकले. मग मी जोर लावणं सोडलं. अंगठा नुसता टेकवला. दोन चालींच्या मधल्या निमिषात बोटं मेल्यासारखी सोडून दिली आणि परत ठेवली. कुठून दम आला सांगता येत नाही, पण आला. शेवटच्या ओळीपर्यंत एक सूर खाली पडू दिला नाही मी. आज माझे गुडघे बोलतात, दात गेलेत, पण तेवढी एक गोष्ट मी नातीला छाती काढून सांगते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून मानानं इकडेतिकडे बघितलं, जणू सगळा दुष्काळ मीच हटवला. नाना मात्र टाळ्यांना थांबले नाहीत, तडक घराकडे निघाले. मी मागं पळाले.

आजी दारातच बसली होती. पदर कानावर नव्हता, खांद्यावर होता.

"वाजवलंस रं, लेका," ती म्हणाली.

"व्हय, माय."

"दुखतंय का हात?"

"न्हाई. बरा झालाय आता."

आजीनं त्यांच्या हसऱ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. नाना रांजणाकडे गेले. पाणी प्यायचं निमित्त करून ते बराच वेळ पाठमोरे उभे होते. मी तिथंच घुटमळत होते. आजीनं वासावरनं मला ओळखलं, पदर धरून मला खाली बसवलं आणि नानांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"रोज पाय चेपतीस न्हवं माजे? बोटं दगडावानी झालीत तुजी, मला कळत न्हाई व्हय? पर त्याला बोलू नगं. लई सालानं हसलाय माजा लिंबा."